रकाना कोण ठरवतो?

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रातल्या सरकारी कागदपत्रांवर नाव लिहिण्याची रीत बदलली. १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे स्वतःचे नाव आधी, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य मंत्रिमंडळाने ठरवला. अनाथ मुलांसाठी सवलत ठेवली. निर्णय स्वागतार्ह आणि सांगायला सोपा. पण ज्या संगणक प्रणालीत नावासाठी तीनच रकाने आखले असतील, तिच्यापुढे त्याने अवघड प्रश्न उभे केले. आईचे नाव हा मुलाच्या नावाचाच तुकडा धरायचा, की आई ही स्वतंत्र व्यक्ती मानून मुलाचे तिच्याशी असलेले नाते नोंदवायचे? पहिला मार्ग धरला, तर आईने पुढे नाव बदलल्यावर मुलाच्या नोंदीचे काय? दुसरा धरला, तर जिची स्वतःची नोंदच प्रणालीत नाही अशा आईचे काय?

प्रोग्रामिंगची कोणतीही भाषा या प्रश्नांची उत्तरे देत नाही. ती त्याआधीच्या टप्प्यावर शोधावी लागतात. संगणकशास्त्रात त्या टप्प्याला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड विश्लेषण म्हणतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आराखड्याला मॉडेल. त्या कामात कोणत्या वस्तू, कोणती माणसे आणि कोणत्या घटना येतात, त्यांची एकमेकांशी नाती काय, कोणती माहिती कोणाकडे असते आणि कोणती जबाबदारी कोणाची, हे सारे मॉडेलमध्ये मांडलेले असते. एकदा ते पक्के झाले की पुढची कित्येक वर्षे लाखो लोक त्याच चौकटीत अर्ज भरत राहतात.

इतका मोठा परिणाम करणारा हा आराखडा सामान्य माणसाच्या नजरेस मात्र सहसा पडत नाही. सार्वजनिक प्रणालीचे मॉडेल लोकांना पाहायला मिळाले पाहिजे, मराठीत मिळाले पाहिजे आणि कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी मिळाले पाहिजे, असा या लेखाचा आग्रह आहे.

या आग्रहाला जुनी परंपरा आहे. ज्या दोघांनी ऑब्जेक्ट ही कल्पना जन्माला घातली, त्यांच्यातल्याच एकाने सुमारे पन्नास वर्षांपूर्वी याच दिशेने झुंज दिली होती. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर १९६० च्या दशकात एक भाषा घडवत होते. प्रत्यक्ष जगातल्या गुंतागुंतीच्या व्यवहारांची नक्कल संगणकावर करून पाहावी, हा त्यांचा हेतू. पुलावरच्या टोलनाक्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. रांगेत ट्रक असतात, बसही असतात. दोन्ही वाहनेच, दोन्ही रांगेत थांबतात, पण प्रत्येकाचे काही वेगळेपण असते. मग 'वाहन' हा सामाईक साचा एकदाच लिहावा आणि ट्रक व बस यांनी तो वारशाने घ्यावा, असा विचार पुढे आला. सिम्युला ६७ या भाषेत क्लास (साचा), ऑब्जेक्ट (साच्यातून घडलेली वस्तू) आणि वारसा या तिन्ही गोष्टी आल्या. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या जावा, सी++ यांसारख्या भाषांचे मूळ तिथवर जाते. २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार या कामासाठी दोघांना मिळाला आणि २००२ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले.

न्यूगोर तेवढ्यावर थांबले नाहीत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते नॉर्वेतल्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागले. कारखान्यात संगणक येत होते आणि कामाची नवी रचना कामगारांना न विचारता ठरत होती. प्रणालीचे वर्णन करण्याचे तंत्र ज्याच्या हाती, त्याच्या हाती कामाची सूत्रे जातात, हे ज्याने ते तंत्र घडवले त्यालाच आधी दिसले. त्या चळवळीच्या रेट्यातून १९७५ मध्ये नॉर्वेतल्या कामगार महासंघात आणि मालकांच्या संघटनेत एक करार झाला. नव्या संगणक प्रणालीची माहिती कामगारांना द्यावी आणि ती त्या विषयाचे खास ज्ञान नसलेल्यालाही कळेल अशा भाषेत द्यावी, हे त्यात मान्य झाले.

मॉडेल तयार करण्याची तंत्रे अवघड नाहीत. त्यातले एक तर शाळेत व्याकरण शिकलेल्या कोणालाही जमेल. रसेल ॲबट यांनी १९८३ मध्ये ते मांडले. काम करणाऱ्याने साध्या भाषेत केलेले कामाचे वर्णन घ्यायचे. त्यातल्या नामांतून वस्तू सापडतात आणि क्रियापदांतून त्या वस्तूंच्या कृती. तलाठी कार्यालयात रोज ऐकू येणारे वाक्य घेऊन पाहू: खातेदार मयत झाला, वारसांनी अर्ज दिला, तलाठ्याने फेरफार धरला, नोटीस बजावली, मुदतीत हरकत आली नाही म्हणून मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली.

खातेदार, वारस, अर्ज, फेरफार, नोटीस, हरकत, मंडळ अधिकारी ही नामे समोर आली. नवशिका विश्लेषक प्रत्येकाचा एकेक क्लास करून मोकळा होईल. जरा थांबून पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते. या गावातला वारस शेजारच्या गावात स्वतः खातेदार असतो आणि तिसऱ्या कोणाच्या फेरफारावर हरकत घेणाराही तोच असतो. म्हणजे वारस, खातेदार, हरकतदार या एकाच माणसाच्या भूमिका आहेत. त्या वाक्यात 'व्यक्ती' हा शब्द कुठेच नाही आणि मॉडेलला सर्वांत जास्त गरज त्याचीच आहे. तो सापडला नाही, तर एकच माणूस तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी नोंदला जातो. मग तिन्ही नोंदी आपल्याच आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्याला प्रतिज्ञापत्रे करत फिरावे लागते.

आता नात्यांकडे वळू. एका गटात अनेक खातेदार असतात आणि एका खातेदाराचे अनेक गट असतात. प्रत्येकाचा हिस्सा किती, ही माहिती कुठे ठेवायची? ती गटाची नाही, कारण गटात हिस्सेदार अनेक. ती माणसाचीही नाही, कारण त्याचा प्रत्येक गटातला हिस्सा वेगळा. ती त्या दोघांमधल्या नात्याची आहे. म्हणून नात्यालाच एक वस्तू मानून त्याला स्वतःची माहिती द्यावी लागते. महसूल खात्याने हे संगणकाच्या कितीतरी आधी ओळखले होते. गाव नमुना सात हे नाते गटाच्या बाजूने वाचतो: या जमिनीवर कोणाकोणाचे हक्क आहेत? गाव नमुना आठ-अ तेच नाते खातेदाराच्या बाजूने वाचतो: या माणसाची कोणकोणती जमीन आहे? नमुना बारा त्याच जमिनीला हंगाम आणि पीक जोडतो. नमुना सहामध्ये प्रत्येक बदलाचा इतिहास साठत जातो. ज्यांनी हे नमुने आखले त्यांना ऑब्जेक्ट हा शब्द ठाऊक नव्हता, पण जमिनीच्या व्यवहाराचे मॉडेल त्यांनी बारकाईने केले होते.

त्या मॉडेलमध्ये दोषही होते आणि त्यांची किंमत माणसांनी मोजली. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'एकुमॅ' ही अक्षरे दिसतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीचे भाऊ आणि बहिणी त्या तीन अक्षरांमागे दडलेल्या असतात. कुटुंब एकत्र असेपर्यंत ही सोय होती, पण वाटणीची वेळ आली की ज्यांची नावे कागदावर नाहीत त्यांना आपला हक्क शून्यापासून सिद्ध करावा लागतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती होऊन मुलगी जन्माने सहदायाद झाली. कायदा बदलला, पण नोंदीत जिथे एकाच नावाला जागा होती तिथे ती मुलगी आपोआप दिसू लागली नाही. जुना कागद संगणकावर जसाच्या तसा चढवला की जुने मौनही त्याबरोबर चढते.

मृत्यूचेही तसेच. गावात माणूस गेला की त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या दफ्तरात होते आणि त्याची जमीन तलाठ्याच्या दफ्तरात त्याच्याच नावावर राहते. वारसांनी अर्ज केल्याशिवाय एका नोंदीची खबर दुसरीला लागत नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारला 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावावी लागली. मोहीम चांगलीच. पण 'मृत्यू' ही एक घटना आहे आणि ती कोणकोणत्या वस्तूंना कळली पाहिजे, हा प्रश्न मॉडेल करताना विचारायचा असतो. त्यावेळी विचारला, तर प्रत्येक पिढीला वेगळी मोहीम काढावी लागणार नाही.

फेरफारालाही स्वतःचे आयुष्य असते. तो धरला जातो, नोटिशीच्या मुदतीत थांबतो, हरकत आली तर तक्रारीत जातो, नाही तर प्रमाणित होतो, किंवा रद्द होतो आणि अपिलात पुन्हा जागा होतो. वस्तूच्या अशा अवस्था चितारण्याचे उत्तम तंत्र इस्रायलचे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी दिले. १९८० च्या दशकात ते 'लावी' या लढाऊ विमानाच्या प्रकल्पाला सल्ला देत होते. अभियंत्यांना विमानाची खडानखडा माहिती होती. पण अमुक परिस्थितीत अमुक बटण दाबले तर नेमके काय होईल, याचे उत्तर जाडजूड दस्तऐवजांत विखुरलेले होते. हॅरेल यांनी त्यांच्याबरोबर बसून अवस्थांची चित्रे काढायला सुरुवात केली. १९८७ मध्ये त्यांनी हे तंत्र 'स्टेटचार्ट' या नावाने प्रसिद्ध केले. फेरफाराचे असे एक चित्र तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर लावले, तर 'माझं काम कुठे अडलंय?' या प्रश्नाचे उत्तर अर्जदाराला बोट ठेवून दाखवता येईल.

रेशनकार्डाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरातली सर्वांत मोठी, १८ वर्षे पूर्ण झालेली स्त्री ही रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख असते. घरात अशी स्त्री नसेल आणि लहान मुलगी असेल, तर तोवर सर्वांत मोठा पुरुष प्रमुख असतो. मुलगी १८ वर्षांची झाली की प्रमुखपद त्याच्याकडून तिच्याकडे येते. कायदा लिहिणाऱ्यांनी भूमिका, अट आणि अवस्थाबदल तिन्ही नेमके सांगितले आहेत. प्रणालीत 'कुटुंबप्रमुखाचे नाव' असा एकच मजकुराचा रकाना ठेवला, तर त्या मुलीचा अठरावा वाढदिवस संगणकाला कधी कळणारच नाही.

हे सगळे कळायला त्या घरात आणि त्या कार्यालयात रोज वावरणारी माणसे मॉडेलच्या टेबलाशी हवीत. त्यासाठीचे सर्वांत सोपे साधन वॉर्ड कनिंगहॅम आणि केंट बेक यांनी १९८९ मध्ये मांडले: चार बाय सहा इंचांची साधी कार्डे. कार्डाच्या डोक्यावर वस्तूचे नाव, डावीकडे तिच्या जबाबदाऱ्या, उजवीकडे ती ज्यांच्या मदतीने काम पार पाडते त्यांची नावे. माणसे टेबलाभोवती बसतात, एकेक कार्ड हातात घेतात आणि एखादा प्रसंग वठवून पाहतात. जबाबदाऱ्या कार्डावर मावल्या नाहीत, तर त्या वस्तूवर भार फार झाला हे डोळ्यांना दिसते. एखाद्या कामाची जबाबदारी कोणाच्याच कार्डावर नसेल, तर प्रसंग तिथेच अडतो आणि चूक कोड लिहिण्याआधी सापडते. याला संगणक लागत नाही, वीजही लागत नाही.

पुढे या क्षेत्रात पद्धतींचे पेव फुटले. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ऑब्जेक्ट मॉडेलिंगच्या पन्नासहून अधिक पद्धती बाजारात होत्या आणि प्रत्येकीची चिन्हे वेगळी. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि ईव्हार याकोबसन हे तिघे रॅशनल या कंपनीत एकत्र आले आणि त्यांनी आपापल्या पद्धती एकवटल्या. एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या कामात घडलेले याकोबसन यांनी 'यूज केस' ही कल्पना आणली होती: प्रणालीचा विचार तिच्या पोटातून न करता, ती वापरणाऱ्याला काय साधायचे आहे तिथून सुरू करायचा. १९९७ मध्ये यूएमएल ही सामाईक चित्रभाषा ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने मान्य केली. तिच्यात आज १४ प्रकारची चित्रे आहेत. पुण्यातही या विषयावर जागतिक तोलाचे काम झाले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये मॉडेलवरून थेट कोड तयार करणारे 'मास्टरक्राफ्ट' हे साधन घडले.

चिन्हे एक झाली तरी ऐकण्याचे कौशल्य आपोआप येत नाही. अभियांत्रिकीच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी लायब्ररी आणि एटीएम यांची तीच ती क्लास डायग्रॅम जर्नलमध्ये काढलेली असतात. बाण भरीव की पोकळ, यावर तोंडी परीक्षेत प्रश्न येतात. ग्रंथपालाशी अर्धा तास बोलून या, असे सांगणारे शिक्षक ज्यांना लाभले ते भाग्यवान. मग नोकरीत गेल्यावर चित्रे निरुपयोगी वाटू लागतात यात नवल नाही. मारियन पेट्रे यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी ५० व्यावसायिकांच्या मुलाखती घेतल्या. त्यातले ३५ जण यूएमएल अजिबात वापरत नव्हते.

या आकड्याचा आधार घेऊन काही जण म्हणतील की मॉडेलिंगचा काळ संपला, आता थोडे थोडे बनवा, लोकांना दाखवा, दुरुस्त करा. छोट्या ॲपसाठी हे ठीकच आहे. एखाद्या दुकानाच्या ॲपमधला चुकीचा रकाना पुढच्या आठवड्यात बदलता येतो. पण जमीन, रेशन आणि रुग्णवाहिका यांच्या बाबतीत दुरुस्ती होईपर्यंतचा आठवडा एखाद्या माणसाच्या आयुष्यातून जातो. लंडनने ते अनुभवले आहे.

सुमारे ६०० चौरस मैलांत पसरलेल्या ६८ लाख वस्तीच्या त्या शहरात रुग्णवाहिका पाठवण्याचे काम १९९२ पर्यंत कागदावर चाले. फोन घेणारा फॉर्म भरायचा, फॉर्म सरकत्या पट्ट्यावरून पुढे जायचा आणि आपापला भाग ओळखणारे कर्मचारी गाडी नेमून द्यायचे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी नवी संगणक प्रणाली सुरू झाली. कोणती गाडी कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे हे आपल्याला नेहमी अचूक माहीत असेल, असे तिने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात धावपळीत कर्मचारी गाडीतली बटणे वेगळ्या क्रमाने दाबत, ठरलेल्या गाडीऐवजी दुसरी घेऊन जात, काही भागांत संदेश पोहोचतच नसे. प्रणालीच्या डोक्यातले लंडन आणि रस्त्यावरचे लंडन तासागणिक वेगळे होत गेले. एका ठिकाणी दोन गाड्या पोहोचल्या, दुसरीकडे एकही नाही. सूचनांचा ढीग पडद्यावर इतका साचला की महत्त्वाच्या सूचना वर सरकून दिसेनाशा झाल्या. दुसऱ्याच दिवशी अर्धे काम पुन्हा हाताने सुरू करावे लागले.

चौकशी समितीचा अहवाल १९९३ मध्ये आला. त्यातला निष्कर्ष प्रत्येक विश्लेषकाने वाचावा असा आहे: त्या दोन दिवसांत यंत्रणा तांत्रिक अर्थाने बंद पडलीच नव्हती. तिची जशी रचना केली होती, बहुतांशी तशीच ती वागत होती. ज्यांच्या हातात ती जाणार होती त्या माणसांना रचनेत पुरेसे सामावून घेतले नव्हते, हेही समितीने नोंदवले. 'गाडी कुठे आहे ते माहीत नाही' ही अवस्था मॉडेलमध्ये नीट आली असती, तर काय बिनसेल हे एखाद्या चालकाने कार्डे हातात घेऊन तासाभरात दाखवून दिले असते.

म्हणून महाराष्ट्रात कोणत्याही मोठ्या सार्वजनिक प्रणालीच्या निविदेत तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. पहिली, प्रणालीतल्या मुख्य वस्तूंची कार्डे, मराठीत आणि त्या कामातल्या रूढ शब्दांत. 'फेरफार'ला फेरफारच म्हणावे. दुसरी, प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीचे अवस्थाचित्र, त्यात 'माहिती नाही', 'वाद आहे' आणि 'चूक झाली' या अवस्थांसह. तिसरी, ज्यांचे काम नेहमीच्या वाटेने जात नाही त्यांचे प्रसंग: एकटी आई, अनाथ मूल, अंगठा न उमटणारा म्हातारा शेतकरी, दोन गावांत नाव असलेली सून. हे सारे कोड लिहिण्याआधी महिनाभर लोकांसमोर ठेवावे आणि आलेल्या प्रत्येक सूचनेचे काय केले ते सांगावे. यात कोणाची खासगी माहिती उघड होत नाही, कारण मॉडेलमध्ये रकाने असतात, माणसांचे तपशील नसतात.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ सांगते की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना आणि निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीच्या सर्व गोष्टी सरकारने आपणहून प्रसिद्ध कराव्यात. जमिनीच्या नोंदी ज्या रचनेत बसवल्या जाणार ती रचना हा असाच निर्णय आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची कारभाराची भाषा आहेच. आणि महसूल संहितेच्या कलम १५० नुसार आजही एका गटाच्या एका फेरफाराची प्रत चावडीवर लावली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत घ्यायला मुदत मिळते. राज्यातले सगळे फेरफार ज्या मॉडेलवर चालतात, त्याची प्रत त्याच चावडीवर, तितक्याच मुदतीसाठी लावायला हवी.